गाडीत चालेल

आमच्या जुन्या गाडीत सीडी लावण्याची खाच होती. नव्या गाडीत ती नाही. हल्लीच्या गाड्यांना ती नसतेच, असे आमच्या चिरंजिवांनी आम्हांला समजावून सांगितले आणि कपाटातील सीडी एका बोटभर लांबीच्या पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचे काम अंगावर घेतले. दोन रविवार तो त्या कामात गढला होता. तिसऱ्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर आम्ही सहज त्याच्या टेबलाशी गेलो, तर प्रत्येक सीडीच्या वेष्टनावर पेन्सिलीने एकेक अक्षर लिहिलेले दिसले. काहींवर 'गा', काहींवर 'घ'. 'गा' म्हणजे गाणे असावे असे आम्हांला वाटले. विचारले तेव्हा उलगडा झाला. 'गा' म्हणजे गाडीत चालेल; 'घ' म्हणजे घरीच ऐकावे. उतरवायच्या होत्या त्या फक्त 'गा'वाल्या.

आम्ही त्या ढिगाऱ्यांकडे पाहत राहिलो. चाळीस वर्षे पै-पै साठवून जमवलेले संगीत दोन अक्षरांत निकाली निघाले होते. दरबारी कानड्याचा विलंबित ख्याल 'घ'मध्ये. बाखची पियानोवरील रचना 'घ'मध्ये. आम्ही स्वतः ज्याला कधी फारशी किंमत दिली नाही असा एक नाचाच्या गाण्यांचा संग्रह मात्र दिमाखात 'गा'मध्ये.

"अरे, ही काय कसोटी झाली?" आम्ही म्हणालो. "उद्या पुस्तके लावताना उशाला कोणते बरे, असे विचारशील."

"पप्पा, मी कुठे म्हटलं ते वाईट आहे?" तो म्हणाला. "गाडीत चालत नाही, एवढंच म्हटलं."

उत्तर साधे होते, पण ते आमच्या मनातून जाईना. एखादी कलाकृती अमुक एका कामाला उपयोगी पडते की नाही, यावरून तिची निवड करणे हा तिचा अपमान आहे काय? आणि तो अपमान नसेल, तर ते 'गा' अक्षर पाहून आमच्या मनाला झोंबले ते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला वाटले होते त्याच्या नेमके उलटे निघाले. आणि दुसऱ्याचे उत्तर आम्हांला शोधावे लागले ते आमच्याच आयुष्यात.

प्रथम चिरंजिवांची बाजू मांडू, कारण ती वाटते तितकी उथळ नाही. धावत्या गाडीच्या आत कायम एक घरघर असते. इंजिन, रस्त्यावर घासणारी चाके, काचांवर आपटणारा वारा यांचा तो एकवट आवाज बहुतांशी खर्जातला असतो, आणि त्याच पट्टीतले संगीतातील हळू स्वर तो गिळून टाकतो. म्हणून तंबोऱ्याचा झंकार गाडीत पहिल्यांदा मरतो. आलापीतील मींड, दोन स्वरांमधली ती ओलसर वाट, हरवते. मग आपण आवाज वाढवतो, आणि तेवढ्यात गायक तारसप्तकात गेला की कानठळ्या बसतात. राव्हेलची 'बोलेरो' ही १९२८ सालची वाद्यरचना याचे उत्तम उदाहरण आहे. ती जवळजवळ न ऐकू येणाऱ्या ढोलाच्या ठेक्याने सुरू होते आणि सुमारे पंधरा मिनिटे एकसारखी चढत जाऊन सगळ्या वाद्यवृंदाच्या गर्जनेत संपते. महामार्गावर तिचा पहिला तृतीयांश ऐकूच येत नाही, आणि शेवटचा तृतीयांश सोसवत नाही. हा दोष राव्हेलचा नाही, आणि गाडीचाही नाही. दोघांची सोयरीक जमत नाही, इतकेच.

ही सोयरीक जमवण्याची खटपटही आजची नव्हे. अमेरिकेत शिकागो येथील गॅल्व्हिन बंधूंनी १९३० साली मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' असे नाव दिले. चालकाचे चित्त विचलित होईल, या भीतीने त्या काळी तेथे काही ठिकाणी अशा रेडिओवर बंदी घालण्याच्या सूचनाही पुढे आल्या होत्या. १९५६ साली क्रायस्लर कंपनीने मोटारीत चक्क तबकडी वाजवणारे यंत्र बसवले. ती तबकडी मिनिटाला अवघे १६⅔ फेरे घेई. यंत्र फार दिवस टिकले नाही. पण माणूस प्रवासात आपल्या आवडीचे संगीत बरोबर घेऊ पाहतो, ही भूक त्यातून दिसली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेल्या छोट्या कॅसेटने पुढे ती भूक भागवली.

याच काळात डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात एक गोष्ट घडली, तिने आमच्या रागातील अर्धी हवा काढून घेतली. बेरी गॉर्डी नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण तेथे फोर्ड कंपनीच्या कारखान्यात मोटारी जुळवण्याच्या साखळीवर काम करीत असे. १९५९ साली त्याने आपल्या कुटुंबाकडून कर्ज घेऊन ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू केला. शहराच्या टोपणनावावरून तो पुढे 'मोटाउन' या नावाने प्रसिद्ध झाला. या मंडळींनी आपल्या ध्वनिमुद्रणगृहात मोटारीतल्या रेडिओसारखा लहानसा, चिरका ध्वनिक्षेपक मुद्दाम ठेवला होता. गाणे मोठ्या, महागड्या ध्वनिक्षेपकांवर कितीही गोड वाटले, तरी त्या चिरक्या खोक्यातून ते उभे राहते की नाही हे पाहूनच त्याचा अंतिम मेळ ठरे. कारण त्यांचा श्रोता दिवाणखान्यात बसलेला नव्हता. तो पाळी संपवून गाडीने घरी निघालेला होता. टाळीचा खणखणीत ठेका, खंजिरी, घरघरीतूनही वाट काढणारा खालचा स्वर, हे सारे त्या श्रोत्याच्या वाटेवर उभे राहण्यासाठी घडले. आज साठ वर्षांनंतरही जगभर लोक ती गाणी ऐकतात. 'गाडीत चालेल काय?' ही कसोटी त्या संगीताच्या जन्मातच होती, आणि तिने त्याला लहान केले नाही.

मग आम्ही तत्त्वज्ञांकडे वळलो. वाटले होते, तेथे तरी आम्हांला आधार मिळेल. सौंदर्याचा आस्वाद निर्हेतुक असतो, हा सिद्धान्त जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या १७९० सालच्या ग्रंथामुळे जगभर पसरला. सुंदर वस्तू पाहताना 'ही माझ्या कोणत्या कामाची?' हा प्रश्न ज्याच्या मनात आला, तो सौंदर्याचा निवाडा करीतच नाही, असे त्यांचे म्हणणे ढोबळपणे सांगता येईल. आम्ही आनंदलो. पण त्याच ग्रंथात थोडे पुढे गेल्यावर कांट यांनीच सौंदर्याचे दोन प्रकार केलेले दिसतात. एक मुक्त सौंदर्य. फुलाचे, पाखराचे, शब्दांवाचून वाहणाऱ्या संगीताचे. दुसरे आश्रित सौंदर्य; म्हणजे वस्तू कशासाठी आहे हे ध्यानात घेऊनच ज्याचा निवाडा करावा लागतो ते. या दुसऱ्या प्रकाराचे त्यांनी दिलेले एक उदाहरण आहे चर्चची इमारत. डोळ्यांना सुखावणारी कितीतरी कलाकुसर एखाद्या वास्तूवर करता येईल, पण ती वास्तू प्रार्थनेसाठी आहे म्हटल्यावर सगळीच तिला शोभणार नाही.

हे वाचताना आम्हांला हसू आले. आम्ही वसईकर, नव्या चर्चचे आराखडे, वेदीमागचा रंग, ध्वनिवर्धकाची जागा यांवर सभांमधून तासन् तास वाद घालणारी माणसे. 'छान आहे, पण चर्चमध्ये चालणार नाही,' हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा उच्चारले असेल! गायनवृंदाने निवडलेली एखादी चाल गोड असूनही अर्पणविधीला शोभत नाही, हे आम्ही सांगायचे; आणि तोच निकष मुलाने गाडीला लावला की मात्र तो अरसिक ठरायचा, हे न्यायाला धरून नव्हते.

आपल्याकडील शास्त्राने तर याला केव्हाच नाव देऊन ठेवले आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र यांनी 'औचित्य' हेच काव्याचे जीवित मानले. जे जेथे शोभते ते तेथे असणे, हा त्यांचा निकष. गळ्यातला हार कमरेला बांधला म्हणून हाराचे सोने खोटे ठरत नाही, पण शोभा जाते. आपल्या रागसंगीतात तर वेळेचा दंडक आहेच. भैरव पहाटेचा, मारवा मावळतीचा, यमन दिवेलागणीनंतरचा. मारवा सकाळी वाईट नसतो. सकाळी तो चालत नाही. मग प्रहराला जे लागू, ते प्रवासाला का नको?

बाखची जी रचना चिरंजिवांनी 'घ'मध्ये टाकली, तिचीच हकीगत घ्या. 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' या नावाने ओळखली जाणारी ती रचना १७४१ साली छापली गेली: एक आर्या नावाची सुरावट आणि तिचे तीस विस्तार. बाखचे चरित्रकार फोर्केल यांनी १८०२ साली लिहून ठेवले आहे की काउंट कायझरलिंक या उमरावाला झोप येत नसे, आणि निद्रानाशाच्या रात्री तरुण वादक गोल्डबर्ग याने शेजारच्या खोलीत बसून वाजवावे म्हणून ती लिहिली गेली. अभ्यासकांना ही कथा शंकास्पद वाटते. गोल्डबर्ग तेव्हा अवघा चौदा वर्षांचा होता, आणि छापील प्रतीवर काउंटला अर्पण केल्याचा उल्लेख नाही. पण दोनशेहून अधिक वर्षांच्या रसिकांनी ती कथा आनंदाने जपली, यातच मर्म आहे. इतके थोर संगीत कुणाची तरी रात्र सरावी म्हणून लिहिले गेले असेल, या कल्पनेने कुणालाही त्याचा अपमान वाटला नाही. उलट जिव्हाळा वाटला.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. उपयोग हा अपमान नव्हे. चिरंजीव बरोबर होते, आणि आम्ही त्यांना तसे सांगितलेही.

पण मनातला काटा निघेना.

आम्ही 'गा'च्या ढिगातील सीडी एकेक करून पाहू लागलो, आणि त्यांतही दोन जाती असल्याचे ध्यानात आले. काही संगीत गाडीत चालते, कारण ते घरघरीवर मात करून आपल्यापर्यंत पोहोचते. मोटाउनची गाणी या जातीची. दुसरे काही संगीत गाडीत चालते ते अगदी उलट कारणाने. ते आपल्याकडे काही मागतच नाही. ते असले तरी चालते आणि नसले तरी चालते.

या दुसऱ्या जातीचाही इतिहास आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी टेबल-खुर्चीसारखे खोलीत नुसते असावे, असे 'सामानसुमानाचे संगीत' कल्पिले होते. १९२० साली पॅरिसमध्ये नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवले गेले, तेव्हा प्रेक्षक निमूटपणे ऐकू लागले आणि साती त्यांच्यात फिरून 'बोला, चाला, ऐकू नका' असे विनवू लागले, अशी हकीगत त्यांचे सहकारी मियो यांनी सांगितली आहे. त्या प्रेक्षकांना संगीत चालू असताना न ऐकणे अजून जमत नव्हते. पुढे ब्रायन ईनो यांनी १९७८ साली विमानतळांसाठी म्हणून एक संग्रह काढला. लक्ष द्यावे तर द्यावे, न द्यावे तर न द्यावे, दोहोंना वाव देणारे संगीत त्यांना हवे होते. तो संग्रह आम्हांला आवडतो. लक्ष दिले तर तो बरेच काही परत देतो. पण साती यांना विनवण्या करूनही जे साधले नाही, ते आज आम्हां सर्वांना सहज साधते. आम्ही न ऐकण्यात पारंगत झालो आहोत.

येथे आम्हांला संत ऑगस्टीन आठवले. इसवी सन ३९६ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या आपल्या एका ग्रंथात त्यांनी जगातील गोष्टींची एक विभागणी केली आहे: काही वापरण्याच्या, काही त्यांच्यातच रमण्याच्या. आणि उदाहरण दिले आहे ते प्रवासाचे. परदेशी अडकलेला माणूस मायदेशी निघाला आहे. त्याला वाहन लागते. पण वाटेची रम्यता आणि त्या वाहनाचे डुलणे हेच त्याला इतके गोड वाटू लागले की घरी पोहोचण्याची घाईच उरली नाही, तर जे वापरायचे त्यात तो रमला आणि जेथे रमायचे ते विसरला. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या बिशपांना आमची वातानुकूलित गाडी ठाऊक नव्हती, पण तिच्यातला मोह ठाऊक होता.

या विभागणीने प्रश्नाचे तोंडच बदलते. संगीत वापरले की नाही, हा प्रश्न नाही. कशासाठी वापरले, आणि ते वापरण्याच्या भरात काय विसरले, हा आहे.

गाडी चालवणाऱ्याने विसरू नये अशी पहिली गोष्ट म्हणजे रस्ता. इस्रायलमधील बेन-गुरिअन विद्यापीठाचे वॉरन ब्रॉड्स्की यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कृत्रिम गाडी चालवणाऱ्यांचा वेग आणि चुका संगीताच्या द्रुत लयीबरोबर वाढताना आढळल्या. आपला पाय लय ऐकतो; आपल्याला न विचारता ऐकतो. पण मंद संगीतही निर्धोक नव्हे, कारण उत्तम संगीत मंद असो की द्रुत, ते चित्त मागते. कॅनडाचे थोर पियानोवादक ग्लेन गूल्ड यांचे उदाहरण बोलके आहे. १९६४ साली त्यांनी जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि ध्वनिमुद्रणालाच वाहून घेतले. त्यांना एकट्याने लांबवर गाडी हाकण्याचा आणि गाडीतला रेडिओ ऐकण्याचा विलक्षण नाद होता. लेक सुपीरिअर या महासरोवराच्या उत्तरेकडून जाणाऱ्या महामार्गावर गावोगावच्या लहान केंद्रांवरून तासातासाला येणारे पेटुला क्लार्क या गायिकेचे एक लोकप्रिय गाणे त्यांनी ऐकले, आणि त्यावर १९६७ साली एक दीर्घ लेख लिहिला. ज्या गाण्याकडे पंडितांनी ढुंकून पाहिले नसते, ते त्या ओसाड रस्त्याने त्यांना नीट ऐकवले. म्हणजे गाडी ऐकणे बिघडवतेच असे नाही. ती कधी कधी ऐकायला शिकवते. मात्र हेच गूल्ड चालक म्हणून मित्रांच्या काळजीचा विषय होते, हेही तितकेच प्रसिद्ध आहे. कान जेथे पूर्ण गेला, तेथे डोळा मागे राहतो. रस्त्यावर सायकलवाला असतो, शाळेची मुले असतात. त्यांच्या जिवापुढे सर्वोत्तम संगीतालाही पहिला मान नाही. म्हणून 'घ'मध्ये पडलेले बाख हा बाखचा सन्मान समजावा, असे आम्ही आता मानतो.

विसरू नये अशी दुसरी गोष्ट शेजारच्या आसनावर बसलेली असते. तिच्याविषयी लिहिताना आम्हांला आमचा एक जुना हिशेब उघडावा लागतो.

२००६ साली आमच्या थोरल्या बंधूंची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोन दिवस त्यांना मुंबईच्या एका रुग्णालयात डायलिसिससाठी न्यावे लागे. ते काम आम्ही सव्वा वर्ष केले. पहाटे निघायचे, खाडीवरचा पूल गर्दीआधी गाठायचा, दुपारी परतायचे. दादा तरुणपणी चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवीत. सुराला कच्चे काही त्यांना खपत नसे. तेव्हा गाडीत काय लावावे, याचा आम्ही फार विचार केला होता. शेवटी एक संग्रह कायमचा ठरला: शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा १९६७ सालचा 'कॉल ऑफ द व्हॅली'. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस त्यात रागांच्या वेळेनुसार मांडला आहे. पहाटेच्या अहीर भैरवाने सुरुवात, पुढे दिवस कलत जातो तसे राग बदलतात, आणि अखेर पहाडी. गाडीला तो उत्तम. संतूरचा टणत्कार घरघरीतून नेमका वर येतो, शब्द नाहीत, कोठेही एकदम अंगावर येत नाही. आम्ही तो शंभराहून अधिक वेळा लावला असेल.

एकदा परतताना दादा म्हणाले, "जरा बंद कर ना रे ते."

"का? त्रास होतो का, दादा?"

"त्रास नाही. छान आहे. थोडा वेळ बंद कर, एवढंच."

पुढे ट्रकची रांग होती. आम्ही म्हणालो, "ह्या गर्दीत गाणं असलं की माझं डोकं शांत राहतं. पूल ओलांडला की करतो." दादा बरे म्हणाले. पूल ओलांडला तेव्हा ते डोळे मिटून बसले होते, आणि आम्ही बंद करायचे विसरलो. पुन्हा त्यांनी तसे कधी म्हटले नाही. २००७ च्या पावसाळ्यात ते गेले.

त्यांना काही बोलायचे होते की केवळ शांतता हवी होती, हे आता कळण्याचा मार्ग नाही. कदाचित त्यांना उपचार थांबवण्याविषयी बोलायचे असेल. कदाचित वाडीतल्या केळीविषयी. कदाचित काहीच नाही. आम्हांला छळते ते निराळेच. डोके शांत राहते, हे आम्ही सांगितलेले कारण खोटे नव्हते. पण ते अपुरे होते. गाणे चालू असले की दादा बोलत नसत, आणि दादा बोलत नसले की ते मरणार आहेत हे आम्हांला ऐकावे लागत नसे. तो संग्रह गाडीला इतका चांगला का होता, याचे खरे कारण हे होते. जगातल्या तीन थोर कलावंतांच्या कलेचा आम्ही पडद्यासारखा उपयोग केला, आणि भावाच्या तोंडावर तो ओढला.

दादांना जाऊन वर्ष झाल्यावर आम्ही तो संग्रह प्रथमच घरी, दिवा मालवून, हातात काही न घेता ऐकला. संतूर आणि बासरी यांच्या जोडीला जे तिसरे वाद्य आहे ते गिटार आहे, हे आम्हांला त्या रात्री उमगले. शंभराहून अधिक वेळा वाजवलेल्या संग्रहातील तिसरा माणूस आम्ही कधी ऐकलाच नव्हता. आणि जो शेजारी बसला होता, तोही नाही.

संत ऑगस्टीन यांनी त्याच ग्रंथात पुढे एक अवघड प्रश्न विचारला आहे: माणूस हा वापरण्याच्या गोष्टींत मोडतो की रमण्याच्या? उत्तर देताना त्यांच्यासारख्यालाही पुष्कळ वळणे घ्यावी लागली आहेत. आम्हांला त्या वळणांचा अधिकार नाही. पण संगीत वापरता वापरता माणूस कसा दृष्टीआड करता येतो, हे मात्र आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

याच्या उलट एक चित्र आपल्याच मातीत आहे. जात्यावरची ओवी हे सर्वार्थाने कामाचे संगीत. हात गुंतलेले, मन मोकळे, वाट गोल आणि न संपणारी. गाडी चालवण्याची अवस्था याहून फार वेगळी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्यांचा संग्रह झाला. त्यांची संख्या लाखावर जाते. त्या ओव्या दळण्याला 'चालणाऱ्या' होत्या म्हणूनच जन्मल्या. पण जात्याच्या घरघरीने त्या बायकांची तोंडे बंद केली नाहीत, उघडली. दिवसाउजेडी जे सासरी कुणाला सांगता येत नसे, ते माहेर, भाऊ, लेक, दुखणे, मरण सारे पहाटे जात्यापाशी बोलले गेले, आणि खुंट्याला दुसरा हात लावणाऱ्या जावेने किंवा नणंदेने ते ऐकले. कामाला लागणारे संगीत दोन्ही करू शकते. ते माणसाला बोलते करू शकते, किंवा त्याचे बोलणे झाकू शकते. जात्याची घरघर होती तशीच गाडीची आहे; फरक ती पार करून येणाऱ्या आवाजात आहे.

म्हणून 'गाडीत चालेल काय?' हा प्रश्न आम्हांला आता हलका वाटत नाही, अपुरा वाटतो. कोणता संग्रह चालेल हे संग्रहावर थोडे आणि गाडीतल्या माणसांवर जास्त अवलंबून असते. एकट्याने रात्री लांबचा पल्ला गाठताना जे संगीत जागे ठेवते, ते उपकारक. मुलाबाळांनी भरलेल्या गाडीत सगळे मिळून ज्याच्यावर गाऊ शकतात, ते तर ओवीच्या कुळातले. आणि शेजारी कुणी एकच माणूस बसलेले असेल, तर त्या वेळी उत्तम संग्रह तो, जो मध्येच, कुठल्याही स्वरावर, खळखळ न करता बंद करता येतो. अशा वेळी बंद करण्याची तयारी हा संगीताचा अनादर नव्हे. मैफलीत पाण्यासाठी व्याकूळ झालेला म्हातारा दिसला, तर कोणता सच्चा गवई गात राहील?

चिरंजिवांची यादी तशीच आहे. पेनड्राइव्ह नव्या गाडीत बसला आहे, आणि 'घ'चे संगीत आमच्या घरी सुखाने नांदते आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली'वर त्याने 'गा' लिहिले होते. ते आम्ही खोडले नाही. निकषाला धरून ते बरोबरच आहे. फक्त त्याच पेन्सिलीने खाली एक ओळ लिहिली: "दादा बरोबर असतील तर नाही."

परवा त्याने आम्हांला डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला नेले. ती ओळ त्याने वाचली असावी. निघताना त्याने नेहमीप्रमाणे काही लावले नाही. पूल येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो, आणि ती शांतता सुरुवातीला बरीच जड गेली. मग त्याने त्याच्या नोकरीविषयी बोलायला सुरुवात केली.